तीन कुलपांची खोली

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, अंगाला हळद लागलेली असताना, मी वडलांशी जन्मात बोलायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. कारण विचाराल तर सरकार. इंग्रजांचं नव्हे, आमच्या गल्लीचं. ते सरकार अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनीच स्थापन केलं होतं आणि त्याच्यापायी माझं लग्न मोडायची वेळ आली होती. माझा स्वभाव लहानपणापासून तापट. त्यात पोटात उपास. तेव्हा त्या दिवशी मी काय काय बोलले असेन याचा अंदाज तुम्हीच करा.

सोलापुरात आमची गल्ली विणकरांची. घराघरात हातमाग. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या कानडी, आमच्यात मराठी, आणि नळावर भांडण जुंपलं की तिन्ही भाषा एकदम. सकाळी गल्लीभर सुताचे ताणे लावलेले असायचे आणि बायामाणसं कुंच्यांनी त्यांना खळ लावायची. खळ म्हणजे तांदळाची पेजच की. ती पाजली की सूत मागावर टिकतं. ती शिजवायला प्रत्येक घराच्या ओट्यावर एक ही एवढी कढई. शाळेला जायचं तर ताण्याखालून वाकून जायचं, आणि घरी आल्यावर केसांत पेज निघाली म्हणून आईचे धपाटे खायचे.

आमच्या घरात मात्र आजोबांच्या पाठीमागं माग थांबला. अण्णांनी लिहिणंवाचणं केलं आणि ते कोर्टातल्या एका वकिलाकडं कारकून झाले. काळा कोट, डोक्याला पगडी, काखेत कागदांचं बाड. दिवसभर कोर्टात जे ऐकायचं ते संध्याकाळी आईला ऐकवायचं हा त्यांचा शिरस्ता. आई भाकरी थापता थापता हं म्हणायची. तिच्या हं वरूनच अण्णांना वाटायचं की बायकोला कायदा कळतो.

आता भांड्यांचं सांगते. गल्लीनं वर्गणी करून लग्नकार्यासाठी भांडी घेतली होती. हंडे, पातेली, पराती, झारे, जाजमं. कुणाच्याही घरी कार्य निघालं की ती त्या घरी जायची. ठेवायला जागा कुणाकडं? तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडं. त्याच्या दुकानामागं एक दगडी खोली होती. त्यानं ती मोठ्या मनानं दिली आणि त्याहून मोठ्या मनानं भांडी आपलीच समजायला लागला.

भांडी कुणाला द्यायची हा नियम तोच करायचा. काढून द्यायचा तोच. आणि कुणाची तक्रार आली तर ऐकायचाही तोच. शांतपणे ऐकायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आमी इचार केला. आमचं काय चुकल्यालं दिसत न्हाय." झाला न्याय. ज्याची बायको दुसऱ्या दुकानातनं तेल आणायची त्याला पातेली मिळायची नाहीत. एका विणकरानं त्याला रामराम घातला नाही, तर त्याच्या लेकीच्या लग्नाला मोठी परात कल्हईला गेल्याचं सांगण्यात आलं. त्याच परातीत दुकानदाराच्या गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या सगळ्या गल्लीनं बघितल्या. आणि सगळ्यांत मोठा तांब्याचा हंडा, ज्यात अख्ख्या पंगतीची आमटी व्हायची, तो त्याच्या न्हाणीत अंघोळीच्या पाण्याला लागला होता. विचारलं तर म्हणाला, "हंडा? कुटला हंडा? हरवला की मागंच."

अण्णांचं डोकं याच गोष्टीवर सणकलं. कोर्टात त्यांना एक गोष्ट कायम खुपायची. मामलेदारसाहेब सकाळी हुकूम काढतात आणि दुपारी त्याच हुकमावरचा खटला त्यांच्याच पुढं चालतो. "स्वतःच मारायचं, स्वतःच मोजायचं आणि स्वतःच सांगायचं की लागलं नाही," असं ते म्हणायचे. साहेबापुढं बोलायची सोय नव्हती. गल्लीत होती. एका शनिवारी मारुतीच्या पारावर सगळ्यांना जमवून त्यांनी भाषण केलं. नियम करणारा एक पाहिजे, अंमल करणारा दुसरा, आणि निवाडा करणारा तिसरा. कुणी कुणाच्या पाटावर बसायचं नाही आणि तिघांनी एकमेकांवर डोळा ठेवायचा.

"तिघं एकमेकाकडं बघत बसल्यावर काम कोन करनार?" एका म्हातारीनं विचारलं. सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांच्या मते हा प्रश्न विषयाला सोडून होता.

पण दुकानदाराच्या जाचाला सगळेच विटले होते, म्हणून योजना मंजूर झाली. गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे विणकर, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, ते नियम करणार. भांडी काढून देणं आणि मोजून घेणं दुकानदाराकडंच राहिलं, कारण खोली त्याची. त्याला काढलं असतं तर त्यानं भांडी रस्त्यावर काढली असती. आणि भांडणतंटा, पोचे पडले, झारा हरवला, त्याचा निवाडा अण्णांकडं. दाराला तीन कोयंडे ठोकले, तीन कुलपं लावली. ज्याची किल्ली त्याच्याजवळ. अण्णांनी आपली जानव्याला बांधली आणि अंघोळीला जातानासुद्धा ती सोडली नाही.

मग खोलीच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं नियम लिहिले. अक्षर काय सुंदर! तिन्ही कुलपं तिघांनी हजर राहून ज्याची त्यानं उघडायची. एकानं दुसऱ्याची किल्ली धरायची नाही. नवा नियम करायचा तर तो एका शनिवारी मारुतीपुढं वाचायचा आणि पुढच्या शनिवारी लागू करायचा, म्हणजे घाईत कुणी काही घुसडणार नाही. आणि शेवटचा नियम, जो लिहिताना अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या: ज्याच्या घरचं कार्य असेल, त्यानं त्या कार्यापुरतं आपल्या अधिकारातून बाजूला व्हायचं.

"हा नियम म्हणजे सगळ्याचा कणा आहे," ते आईला म्हणाले. आई हं म्हणाली.

आणि खरं सांगते, कारभार झकास चालला. कुणाला भांडी नाहीत असं झालं नाही. हंडा तेवढा हरवलेलाच राहिला; दुसऱ्याच्या न्हाणीत शिरून बघणार कोण? तात्यांनी एकदा नियम केला की भांडी राखेनंच घासायची, चिंचेनं नाही. अण्णांनी तो रद्द केला. म्हणाले, राख का चिंच हा घरोघरीचा प्रश्न आहे, त्यात सरकारनं पडू नये. तात्या चार दिवस अण्णांशी बोलले नाहीत. पुढं अण्णांनी तात्यांच्याच मुलाला परातीला पोचा पाडला म्हणून मारुतीच्या देवळाचा ओटा झाडायला लावला. त्यानं झाडला. दुकानदार हे सगळं बघायचा, गालात सुपारी धरून गप्प असायचा. त्या गप्प बसण्यात काय शिजत होतं ते आम्हाला माझ्या लग्नात कळलं.

माझं लग्न कुर्डुवाडीला ठरलं. मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर, त्याचे वडीलही तिथंच. मी सोळा उलटून गेलेली घोडनवरी, नाकीडोळी बरी पण जिभेला हाड नाही अशी ख्याती, त्यामुळं आईनं नवस बोलला होता. मंडळी सज्जन. हुंडा नको म्हणाली, मानपान नको म्हणाली. व्याह्यांनी एकच गोष्ट मागितली: वर्कशॉपातली सगळी माणसं घेऊन येणार, तेवढी पंगत पोटभर आणि गरम गरम झाली पाहिजे. नवऱ्या मुलाचे मामा मात्र नामी होते. ते एका लग्नातनं आमटी गार आहे म्हणून उठून गेले होते आणि त्यांच्यामागं अख्खं वऱ्हाड उठलं होतं. ते लग्न मोडलं ते मोडलंच. आमचं घर स्टेशनपासून काही लांब नाही, वऱ्हाड उठलं की थेट गाडीत, हे माझ्या आईला रात्रंदिवस आठवायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आचारी आला आणि म्हणाला, भांडी दाखवा. अण्णा तात्यांना घेऊन खोलीकडं गेले. दुकानदार दारातच होता. त्यानं आपलं कुलूप उघडलं. तात्यांनी आपलं उघडलं. अण्णांनी किल्ली जानव्यातनं पुढं ओढली आणि दुकानदार हात जोडून म्हणाला,

"अण्णा, हे काय करायलाय? तुमच्या घरचं कार्य हाय की."

अण्णांचा हात तिथंच थांबला. त्यांनी भिंतीकडं बघितलं. स्वतःचंच अक्षर, खाली दोन रेघा.

मी हे डोळ्यांनी बघितलेलं नाही, पण तात्यांनी नंतर इतक्यांदा सांगितलं की बघितल्यासारखंच आहे. तात्या म्हणाले, "मग किल्ली माझ्याकडं दे, मी उघडतो." दुकानदार म्हणाला, "एकानं दुसऱ्याची किल्ली धरायची न्हाय." तात्या म्हणाले, "मग मी नियमच बदलतो. नियम करणारा मी हाय." दुकानदार म्हणाला, "व्हय की. येत्या शनवारी वाचा, त्याच्या फुडच्या शनवारी लागू. तवर पोरीला लेकरं व्हतील." तात्या अण्णांकडं वळले. ते म्हणाले, "ह्या नियमाचा अर्थ असा न्हाय. अण्णा, अर्थ लावायचा मान तुझा. लाव अर्थ आणि उघड दार."

अण्णा म्हणाले, "माझ्या घरच्या लग्नात मीच अर्थ लावू? त्यासाठीच तर नियम केला."

महिनाभर घरात लग्नाची धांदल चाललेली, आणि या माणसाच्या डोक्यात ही गोष्ट एकदासुद्धा आली नव्हती! तात्यांची पोरं केव्हाच उजवलेली, दुकानदाराची लेक अजून लहान, त्यामुळं किल्लीवाल्याच्या घरात कार्य निघायची वेळच आली नव्हती. बाजूला कसं व्हायचं ते अण्णांनी लिहून ठेवलं. बाजूला झाल्यावर कुलूप कोण उघडणार ते लिहायचं राहून गेलं. दुकानदाराला ते कधीच दिसलं होतं. तो माझ्या लग्नाची वाट माझ्या आईपेक्षा जास्त आतुरतेनं बघत होता.

बातमी घरात आली तेव्हा मी पाटावर बसले होते आणि बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. गाणं अर्ध्यावर बंद पडलं. हळद लागलेल्या मुलीनं उंबरा ओलांडायचा नसतो. मी ओलांडला. कुणीतरी मागनं "अगं बाई, अगं बाई" करत होतं. मी तशीच पिवळ्या अंगानं दुकानामागं गेले. सगळी गल्ली तिथं गोळा झाली होती.

अण्णा खोलीच्या पायरीवर बसले होते. दुकानदारानं त्यांच्यापुढं एक घण आणून ठेवला होता. स्वतःच्या हातानं, बरं का.

"फोडा," तो म्हणाला. आवाजात साखर. "बापाचं काळीज हाय. कोण काय म्हणनार? आमी तर काय बोलायचो न्हाय."

"फोडा की अण्णा," चार जण म्हणाले. "उद्या वऱ्हाड यायलंय."

अण्णांनी घणाकडं बघितलंसुद्धा नाही. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बाळ, आज मी हे कुलूप फोडलं, तर उद्यापासून हे सांगत फिरतील, न्याय देणाऱ्यानं स्वतःच्या लेकीसाठी कुलूप फोडलं. मग कशाला हवीत तीन कुलपं? पुन्हा सगळी भांडी यांच्या घरात. पुन्हा ज्यानं रामराम घातला नाही त्याच्या पोरीची पंगत उपाशी. हा घण त्यासाठी आणलाय."

दुकानदार आकाशात घार बघायला लागला.

मला कळलं. लख्ख कळलं. पण कळलं म्हणून राग गेला असं नाही. उलट जास्तच आला. माणूस मूर्खपणानं वागला तर त्याला दोन शब्द सुनावता तरी येतात. बरोबर वागणाऱ्यावर चिडायचं म्हणजे आपणच खोटे पडतो. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या गल्लीला न्याय मिळेल हो. मला नवरा मिळणार नाही!"

आणि मी रडले. तिथंच, सगळ्यांदेखत, भोकाड पसरून. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पायरीवरून उठले नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की विचारू नका. जन्मात बोलायचं नाही असं ठरवलं ते तेव्हा.

तेवढ्यात आई आली. तिनं घण बघितला, कुलूप बघितलं, नवरा बघितला. मग ती वळून गल्लीकडं बघत उभी राहिली. गल्लीभर आमचा मांडव पडला होता, त्यामुळं दोन दिवस ताणे लावायचे बंद होते. ओट्याओट्यावर खळीच्या कढया पालथ्या पडल्या होत्या.

"अहो," ती म्हणाली, "ह्या कढयांवर तुमचा काही नियम आहे का?"

अण्णांनी विचार केला. मस्करी नाही, खरोखरच डोळे बारीक करून विचार केला. एवढ्या वेळात मला दोनदा हुंदका आला.

"नाही," ते म्हणाले. "त्या ज्याच्या त्याच्या."

"नक्की?"

"नक्की."

"मग गप बसा आता," आई म्हणाली आणि पदर खोचला.

शेजारच्या तेलुगू अक्कांनी सगळ्यांत आधी आपली कढई उचलली. "तीस्को वदिना," घे वहिनी, म्हणाल्या आणि आईच्या पुढ्यात आदळली. मग काय विचारता! ओट्याओट्यावरनं कढया निघाल्या. जिच्यात रंग उकळलेला असेल तिला आई नाकाशी धरून परत पाठवायची. नुसती तांदळाची खळ शिजलेली तेवढीच ठेवायची. वर्षानुवर्षं पेजेशिवाय त्यात दुसरं काही पडलेलं नव्हतं. नळावर घासाघाशी सुरू झाली. कुणी राखेनं घासत होतं, कुणी चिंचेनं, आणि तात्या मध्ये उभे राहून ते बघत होते, पण बिचाऱ्यांना काही बोलायची सोय राहिली नव्हती. भात कढयांतनं होणार, शिरा होणार, भाजी होणार. माझे हुंदके थांबले.

आचारी मात्र कपाळाला हात लावून बसला. "बाकी समदं होईल," तो म्हणाला, "पर आमटीचं काय? धा कढयांत केली तर धा चवी लागत्यात. एकाला तिखट, एकाला आळणी. आनि एका चुलीवरची गरम, एकीवरची गार."

गार म्हटल्यावर मामांची आठवण झाली आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. एक मोठं भांडं पाहिजे होतं. मोठी भांडी सगळी त्या दाराआड.

इतक्यात दुकानाच्या बाजूनं मोठा खडखडाट ऐकू आला. बघतो तर दुकानदाराची बायको! गल्लीत कधी मान वर करून न बोललेली बाई. तिनं तो न्हाणीतला तांब्याचा हंडा आडवा पाडला होता आणि ढकलत ढकलत, फरशीवरनं गडगडवत आणत होती. हंड्याच्या बुडाला काजळी, काठाला साबणाचे डाग. ती आईपाशी आली, धापा टाकत म्हणाली, "घ्या वैनी. गल्लीचाच हाय. घासून घ्या तेवडा, आमच्या ह्यांच्या अंगुळीचा हाय."

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी गल्ली हसली. मी हळदीच्या अंगानं, सुजलेल्या डोळ्यांनी, पोट धरून हसले.

आणि आता ऐका. एवढं सगळं सुरळीत होत असताना अण्णा पायरीवरून उठले आणि बोट वर करून म्हणाले, "पण थांबा. हा हंडा सार्वजनिक मालमत्ता आहे. तो रीतसर खोलीत जमा व्हायला..."

"तुम्ही बाजूला व्हा," आई म्हणाली. "तुमच्या घरचं कार्य आहे."

अण्णांनी तोंड मिटलं. आईचं ते नुसतं हं म्हणणं होतं ना, त्यात तिनं एवढी वर्षं सगळा कायदा ऐकून ठेवलेला होता. अण्णांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला पुन्हा राग आला. बायकोनं आपल्याला गप्प केलं याचं दुःख नाही. नियम बरोबर लागू झाला याचा आनंद!

तात्यांनी हंड्याभोवती एक फेरी मारली आणि दुकानदाराला विचारलं, "काय हो, हा तर हरवल्याला न्हवं?"

दुकानदारानं बायकोकडं बघितलं. बायकोनं त्याच्याकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच मान खाली घातली नाही. "गावला वाटतं," तो म्हणाला. घण उचलून तो दुकानात गेला आणि गिऱ्हाईक नसताना तराजू पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं, अक्षता पडल्या, पंगती बसल्या. खोलीला अण्णांचं कुलूप तसंच होतं. मामा पहिल्याच पंगतीत बसले. मी नवऱ्याशेजारी मुंडावळ्यांआडनं त्यांच्याच द्रोणाकडं बघत होते. नवऱ्याकडं बघायचं भान कुणाला होतं! त्यांनी आमटी भुरकली. थांबले. पुन्हा भुरकली. मग भाताचा घास घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! असा मऊ भात आमच्याकडं होत नाही. सोलापूरकर कशात शिजवता हो?" तेलुगू अक्का पदरात तोंड घालून आत पळाल्या. शेवटच्या पंगतीला दुकानदारही आला. अण्णांनी त्याला स्वतः आग्रह करून आमटी वाढली. त्यानं द्रोणात बराच वेळ बघितलं आणि मग प्यायला.

पुढं तात्यांनी पारावर नवा नियम वाचला: किल्लीवाल्याच्या घरचं कार्य असेल तर त्याच्या जागी गल्लीतल्या बायकांनी निवडलेली एक बाई कुलूप उघडेल. तेव्हा पहिला मान आईला मिळाला, आणि दुकानदाराच्या लेकीच्या लग्नात त्याचं कुलूप माझ्या आईनं उघडलं. सगळी भांडी दिली, हंड्यासकट. पण ते खूप नंतर.

माझी पाठवणी संध्याकाळच्या गाडीनं होती. स्टेशनवर आईच्या गळ्यात पडले, अक्कांच्या पडले. अण्णा बाजूला उभे. ठरवल्याप्रमाणं मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. ते नुसत्या उपरण्यावर होते आणि किल्ली सगळ्यांना दिसावी म्हणून त्यांनी जानव्याला छातीपाशी बांधली होती; म्हणजे कुणाला शंका नको की तिला हात लागला म्हणून. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी उठवलं आणि मग माझं काही ठरवलेलं टिकलं नाही. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. त्यांनीही रडत रडत मला घट्ट धरलं. बाप लेकीला काय काय सांगतो अशा वेळी. माझे वडील कानात म्हणाले, "बाळ, कुलूप शाबूत आहे हं."

मला हसू का रडू कळेना. गाडी सुटली.

माढ्याच्या आसपास सासूबाईंनी माझा चेहरा दिव्याकडं वळवला. "हे काय गं गालावर? लाल वळ कसला?"

मी हात लावून बघितलं. किल्लीचा ठसा उमटला होता, दातऱ्यांसकट.

"अण्णांच्या किल्लीचा," मी म्हटलं. "गल्लीच्या भांड्यांच्या खोलीची किल्ली असते त्यांच्याकडं."

"अस्सं. म्हणजे आजची सगळी भांडी त्याच खोलीतली."

"नाही. ती खोली उघडलीच नाही."

"अगं, किल्ली तुझ्या वडलांच्या हातात, आणि त्यांच्याच लेकीच्या लग्नाला खोली उघडली नाही?"

"त्यांच्या हातात होती," मी म्हटलं, "म्हणूनच."

हे बोलताना माझी मान अशी ताठ झाली की माझं मलाच नवल वाटलं. माझा राग कुठं गेला होता कोण जाणे. सासूबाईंनी माझ्याकडं जरा वेळ निरखून बघितलं. मग कमरेचा, घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा हळूच पदराआड घेतला.